मागावरचे 'टेक अप' आणि गोदामातले 'पुट अवे'

'टेक' म्हणजे घेणे, 'लेट' म्हणजे करू देणे, 'बीट' म्हणजे मारणे किंवा ठोकणे. ही इंग्रजी क्रियापदे शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच पाठ होतात. मात्र त्यांच्या मागोमाग 'अप', 'ऑफ', 'डाउन', 'आउट' यांपैकी एखादे अव्यय आले की अर्थ पालटतो, आणि दोन्ही शब्दांच्या अर्थांची बेरीज करून तो नवा अर्थ सापडेलच असे नाही. क्रियापद आणि अव्यय यांच्या अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. मराठी माध्यमातून शिकलेल्याला इंग्रजी वर्तमानपत्र वाचता येते, अर्ज लिहिता येतो. पण समोरचा इंग्रजीत बोलू लागला की अडखळायला होते ते बहुधा या जोड्यांपाशी.

भिवंडीतल्या यंत्रमागावर अशा तीन जोड्या दिवसरात्र चालू असतात. विणकामाच्या पाठ्यपुस्तकात मागाच्या पाच मूळ हालचाली सांगितलेल्या असतात. ताण्याचे धागे दोन थरांत विभागून मधे वाट पाडणे ही पहिली, त्या वाटेतून धोटा फेकणे ही दुसरी. तिसरीला 'बीट अप' म्हणतात: धोट्याने टाकलेला बाण्याचा धागा फणी पुढे येऊन तयार कापडाच्या कडेला ठोकून बसवते. चौथी 'लेट ऑफ': मागच्या बीमवरून ताणा लागेल तेवढाच सैल सोडला जातो. पाचवी 'टेक अप': विणून झालेले कापड पुढच्या रुळावर गुंडाळून घेतले जाते. सोडणे आणि गुंडाळणे यांचा मेळ चुकला तर ताणा ढिला पडतो किंवा तुटतो आणि कापडात दोष येतो.

आता याच तीन जोड्या मागापासून बाजूला नेल्या तर काय होते? 'द रीड बीट्स अप द वेफ्ट' म्हणजे फणी बाणा ठोकते. 'दे बीट हिम अप' म्हणजे त्यांनी त्याला बेदम मारले. 'बीट अप टू एग्ज' म्हणजे दोन अंडी फेटा. 'लेट ऑफ'चेही तसेच. बीमवरून ताणा सोडला जातो, दिवाळीत फटाके उडवले जातात, पोलीस एखाद्याला ताकीद देऊन सोडतात, आणि बसमधला प्रवासी अंजूर फाट्यावर उतरवायला सांगतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत 'लेट ऑफ' चालते. 'टेक अप' तर आणखी पसरलेले आहे. रूळ कापड टेक अप करतो. निवृत्त झालेला माणूस बागकाम टेक अप करतो, म्हणजे छंद म्हणून सुरू करतो. रॅक जागा टेक अप करते, म्हणजे व्यापते. शिंपी लांब झालेली पँट टेक अप करतो, म्हणजे आखूड करतो. कारखानदारांची संघटना विजेच्या दराचा प्रश्न सरकारकडे टेक अप करते, म्हणजे लावून धरते. यातला कोणता अर्थ घ्यायचा हे जोडीकडे टक लावून पाहिल्याने ठरत नाही. काम कोण करतो आणि कशावर करतो, म्हणजे कर्ता आणि कर्म, यांवरून ते ठरते. कर्ता रूळ आणि कर्म कापड असेल तर एक अर्थ, कर्ता शिंपी आणि कर्म पँट असेल तर दुसरा. म्हणूनच सुटी फ्रेझल व्हर्ब आणि समोर तिचा एकच मराठी अर्थ अशी यादी पाठ करणे हा सर्वांत कमी उपयोगाचा अभ्यास आहे, जरी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत तोच जास्त आढळत असला तरी.

अर्थाच्या दृष्टीने या जोड्यांचे ढोबळ तीन थर दिसतात. पहिल्या थरात अव्यय खरोखरीची दिशा दाखवते: 'गो आउट' म्हणजे बाहेर जाणे, 'पुट डाउन' म्हणजे खाली ठेवणे. इथे अडचण नाही. दुसऱ्या थरात दिशा मागे पडते आणि अव्यय क्रियेचा शेवट किंवा पूर्णता सांगते. 'यूज' म्हणजे वापरणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. 'ड्राय' म्हणजे वाळणे, 'ड्राय अप' म्हणजे पार आटून जाणे. 'पे' म्हणजे पैसे देणे, 'पे ऑफ' म्हणजे कर्ज फेडून मोकळे होणे. तिसऱ्या थरात अर्थ पुरता सुटा होतो: 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे किंवा हार मानणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. यात 'वर देणे' किंवा 'दूर ठेवणे' शोधत बसण्यात हशील नाही.

मराठी माणसाला यातला दुसरा थर वस्तुतः परका वाटायला नको. मराठीत हेच काम संयुक्त क्रियापदे करतात. 'सूत संपले' आणि 'सूत संपून गेले', 'कापड विकले' आणि 'कापड विकून टाकले', 'पुस्तक वाचले' आणि 'पुस्तक वाचून काढले' यांत जो फरक आहे, त्याच जातीचा फरक इंग्रजी आपल्या अव्ययांनी साधते. 'विकून टाकले' याला 'सोल्ड ऑफ', 'वाचून काढले' याला 'रेड थ्रू', 'लिहून घेतले' याला 'टुक डाउन' अशी चांगली उत्तरे मिळतात. भिवंडीत मराठीबरोबर ज्या उर्दू आणि हिंदी कानांवर पडतात, त्यांतही 'बेच डाला', 'लिख लिया' अशी हीच रचना आहे.

फरक आहे तो कशाची जोड दिली जाते यात. मराठी एका क्रियापदाला दुसरे क्रियापद जोडते. इंग्रजी क्रियापदाला दिशा जोडते. त्यामुळे दोन्ही भाषा वेगवेगळ्या गोष्टी टिपतात. 'लिहून घे' आणि 'लिहून दे' यांत मराठी काम कोणासाठी आहे हे सांगते. इंग्रजी अव्ययाला हे जमत नाही. 'नको ते बोलून बसला' यातला 'बसला' पश्चात्ताप सुचवतो. त्यासाठीही इंग्रजीकडे एखादे अव्यय नाही. उलट 'स्लीप ऑफ द फीव्हर', म्हणजे झोप काढून ताप घालवणे, इतकी आटोपशीर जोडणी मराठीत एका दमात होत नाही.

या जोड्या इंग्रजीत आल्या कशा, याचा इतिहास थोडक्यात असा. जुन्या इंग्रजीत अशी अव्यये क्रियापदाच्या आधी उपसर्गासारखी चिकटत. पुढे ती सुटी होऊन मागे जाऊ लागली. उत्तर युरोपातून येऊन इंग्लंडात वसलेल्या लोकांच्या नॉर्स भाषेचाही त्याला हातभार लागला असे मानले जाते. बाराव्या शतकातल्या पीटरबरो बखरीत अशी रूपे दिसू लागतात. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्याने या जोड्यांचा वेगळा उल्लेख केला आणि परक्यांना इंग्रजीत सर्वाधिक त्रास यांचाच होतो असे सांगून कोशात त्या काळजीपूर्वक नोंदवल्या. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच नंतरचे: लोगन पिअरसॉल स्मिथ याने १९२५ सालच्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे नमूद केले.

दरम्यान फ्रेंच आणि लॅटिनमधून इंग्रजीत हजारो एकशब्दी क्रियापदे आली. त्यामुळे आज एकाच अर्थाला दोन शब्द असतात: 'पुट ऑफ' आणि 'पोस्टपोन', 'फाइंड आउट' आणि 'डिस्कव्हर', 'लुक इंटू' आणि 'इन्व्हेस्टिगेट', 'पुट अप विथ' आणि 'टॉलरेट'. भारतात इंग्रजी आले ते मुख्यतः कचेरी, न्यायालय आणि पाठ्यपुस्तक यांच्या वाटेने, त्यामुळे इथे जोडीतला दुसरा, भारदस्त शब्द आधी शिकला जातो. लंडनमधले मूल 'पुट ऑफ' आधी शिकते आणि 'पोस्टपोन' नंतर. भिवंडीतल्या मुलाचा क्रम याच्या उलट असतो. 'अलीकडे आणणे' यासाठी 'ब्रिंग फॉरवर्ड' ही जोडी तयार असूनही भारतात 'पोस्टपोन'च्या धर्तीवर 'प्रीपोन' रुळला, त्यामागेही हीच सवय असावी. शब्द मोठा सोयीचा आहे, हेही खरे.

एकेका जोडीचा वापर नीट समजायचा तर ती एखाद्या घटनेत पाहावी. भिवंडीच्या अलीकडच्या इतिहासात अशा घटना भरपूर आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप सुरू होण्याला इंग्रजी वर्तमानपत्रे कामगार 'वेंट ऑन स्ट्राइक' असे म्हणतात. संप पुकारणारा तो रीतसर मागे घेतो तेव्हा 'कॉल ऑफ' वापरतात. हा संप औपचारिकपणे कधीच 'कॉल्ड ऑफ' झाला नाही असे सांगितले जाते. तो हळूहळू 'पीटर्ड आउट' झाला, म्हणजे विरत गेला. दोन्ही जोड्यांचे मराठी 'संपला' असेच होईल, पण पहिलीत कोणीतरी निर्णय घेतो, दुसरीत कोणीच घेत नाही. बऱ्याच गिरण्या 'क्लोज्ड डाउन' झाल्या, म्हणजे कायमच्या बंद पडल्या. नुसते 'क्लोज्ड' म्हटले तर आज सुटी आहे असाही अर्थ होऊ शकतो. गिरण्यांचे काम भिवंडीच्या मागांकडे वळले, त्याला 'द पॉवरलूम्स पिक्ड अप द वर्क' म्हणता येईल. धंद्याला उठाव आला तरी 'बिझनेस पिक्ड अप' असेच म्हणतात. पहिल्या वाक्यात उचलणारे माग आहेत आणि उचललेले काम आहे. दुसऱ्यात धंदा स्वतःच वर येतो, त्याला कर्म नाही.

जानेवारी २००७ मध्ये भिवंडीतले वीजवितरण महावितरणकडून टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेले. इथे इंग्रजी क्रियापद 'टेक ओव्हर'. 'टोरंट टुक ओव्हर डिस्ट्रिब्यूशन फ्रॉम महावितरण' हे वाक्य बरोबर आहे: कारभार हाती घेतला. यातला 'फ्रॉम' गाळून कर्माच्या जागी थेट महावितरण घातले, 'टोरंट टुक ओव्हर महावितरण' असे लिहिले, तर टोरंटने ती कंपनीच ताब्यात घेतली असा साफ चुकीचा अर्थ निघेल. उलट बाजूने, म्हणजे देणाऱ्याकडून पाहिले, तर 'हँड ओव्हर'.

शहराभोवतीच्या मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा अशा गावांत गोदामे उभी राहिली, त्याचे एक कारण मुंबईची जकात. माल शहराच्या हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, यात व्यापाऱ्याची सोय होती. गोदामे भराभर उगवली, 'स्प्रँग अप'. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात गेली, 'वॉज डन अवे विथ'. 'डू अवे विथ' म्हणजे एखादी पद्धत किंवा कायदा रद्द करणे. कर्म माणूस असेल तर तिचा अर्थ त्याचा काटा काढणे असा होतो, तेव्हा जपून. जकात गेली तरी महामार्ग आणि बंदर जवळ असल्याने गोदामे राहिली. ऑनलाइन खरेदी वाढल्यावर तर धंदा 'टुक ऑफ', म्हणजे विमानासारखा वर झेपावला. शर्ट किंवा चपला काढण्यालाही 'टेक ऑफ'च म्हणतात, पण तिथे कर्म लागते. धंद्याच्या आणि विमानाच्या बाबतीत ते नसते.

या सगळ्यांत सर्वांत कामाची जोडी बहुधा 'ब्रेक डाउन' असेल. माग बंद पडला: 'द लूम ब्रोक डाउन'. बोलणी फिसकटली: 'द टॉक्स ब्रोक डाउन'. बातमी ऐकून ती कोसळली, रडू लागली: 'शी ब्रोक डाउन'. या तिन्हींत कर्म नाही. म्हणून मराठीतल्या 'माग बंद पडला आहे'वरून सुचणारे 'द लूम इज ब्रोकन डाउन' हे घटना सांगायला चालत नाही. 'हॅज ब्रोकन डाउन' म्हणावे लागते. कर्म आले की अर्थ बदलतो: 'ब्रेक डाउन द डोअर' म्हणजे दार तोडणे, 'ब्रेक डाउन द कॉस्ट ऑफ वन मीटर' म्हणजे एका मीटरच्या खर्चात सूत किती, मजुरी किती, वीज किती हे फोडून दाखवणे.

गंमत अशी की 'ब्रेकडाउन' हा शब्द मागावरच्या कोणालाही नवा नाही. मराठीने अशा कितीतरी जोड्या उचलल्या आहेत, पण जवळजवळ सगळ्या नाम म्हणून: मेकअप, चेकअप, सेटअप, बॅकअप, फॉलोअप, टेकओव्हर, हँडओव्हर. मालवाहू 'पिकअप' गाडी तर भिवंडीच्या रस्त्यावर जागोजाग दिसते. गोदामात आलेला माल ठरलेल्या रॅकवर नेऊन ठेवण्याच्या कामाला 'पुटअवे' म्हणतात. इंग्रजीतही ही नामे क्रियापदांपासूनच बनली आहेत, पण दोहोंत फरक पाळला जातो. नाम एकत्र किंवा जोडरेघेने लिहितात आणि आघात पहिल्या भागावर देतात; क्रियापद तोडून लिहितात आणि आघात बहुधा अव्ययावर पडतो.

नाम आधी घरात आल्याचा एक परिणाम झाला आहे. मराठीत त्या नामाला 'करणे', 'घेणे', 'होणे' लावून काम भागते: फॉलोअप घेतला, बॅकअप घेतला. मग इंग्रजी बोलताना हेच उलटे भाषांतरित होते आणि 'टेक फॉलोअप', 'टेक बॅकअप' तयार होते. इंग्रजीत मूळ जोडीच क्रियापद आहे: 'फॉलो अप ऑन द ऑर्डर', 'बॅक अप द डेटा'.

वाक्यात कर्म कुठे ठेवायचे हा यातला खरा व्याकरणाचा भाग. 'पुट अवे द बॉक्सेस' आणि 'पुट द बॉक्सेस अवे' दोन्ही बरोबर. पण 'बॉक्सेस'ऐवजी 'देम' हे सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पुट देम अवे'. 'पुट अवे देम' चूक. कर्म लांबलचक असेल, उदाहरणार्थ नाशिकहून काल रात्री आलेली सगळी खोकी, तर ते शेवटी जाते, नाहीतर 'अवे' येईपर्यंत ऐकणारा ताटकळतो. दुसऱ्या गटात मात्र तोडायला परवानगी नाही. 'लुक इंटू द कम्प्लेंट' म्हणजे तक्रारीची चौकशी करा. सर्वनाम आले तरी 'लुक इंटू इट'च. जोडी कोणत्या गटातली हे बहुतेक वेळा अव्ययावरून कळते. कर्म असताना 'अप', 'डाउन', 'आउट', 'ऑफ', 'अवे', 'बॅक' यांच्या जोड्या बहुधा तुटतात. 'इंटू', 'आफ्टर', 'फॉर', 'अ‍ॅट', 'विथ' यांच्या तुटत नाहीत.

काही ठिकाणी दोन अव्यये लागतात, आणि दुसरे आले की कर्ता बदलू शकतो. सूत संपले तर 'द यार्न रॅन आउट'. आमच्याकडचे सूत संपले तर 'वुई रॅन आउट ऑफ यार्न'. पहिल्यात कर्ता सूत, दुसऱ्यात माणसे. मराठीत दोन्हीकडे सूतच कर्ता राहते, त्यामुळे 'अवर यार्न इज रन आउट' असे मिश्रण कानावर येते. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'कीप अप विथ' म्हणजे बरोबरीने टिकणे. 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे उत्सुकतेने वाट पाहणे. तिच्यापुढे क्रियापद आले तर त्याला 'इंग' लागते, म्हणून पत्राच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहितात, 'टू हिअर' नाही.

भारतीय इंग्रजीने काही जोड्यांना स्वतःचे वळण दिले आहे. पदवी घेऊन महाविद्यालयातून बाहेर पडणे याला इथे सर्रास 'पास आउट' म्हणतात. ब्रिटनमध्ये लष्करी प्रशिक्षण संपवण्याला तसे म्हणतात, पण एरवी तिथे 'पास आउट' म्हणजे बेशुद्ध पडणे. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत 'ग्रॅज्युएटेड' म्हटलेले सुरक्षित. अर्ज भरण्याला भारतात 'फिल अप', ब्रिटनमध्ये 'फिल इन', अमेरिकेत 'फिल आउट'. पेट्रोलची टाकी मात्र तिन्हीकडे 'फिल अप'च. सरकारी कचेरीत फाइल वरिष्ठांपुढे 'पुट अप' होते, हा इथल्या प्रशासनाचा प्रयोग. बाहेर 'पुट अप'चे अर्थ सूचना लावणे, भाव वाढवणे, तंबू ठोकणे किंवा पाहुण्याला रात्रीपुरते ठेवून घेणे. 'कोप अप विथ' यातला 'अप' प्रमाण इंग्रजीत नाही. 'कोप विथ' पुरते. 'रिटर्न बॅक' यातला 'बॅक'ही तसाच, कारण 'रिटर्न'मध्येच परत येणे आहे. यांतल्या 'पास आउट' आणि 'फिल अप' यांना चूक म्हणण्यापेक्षा स्थानिक म्हणणे योग्य ठरेल. ते इथे सर्वांना कळतात आणि खटकत नाहीत.

राहिला प्रश्न कुठे काय वापरायचे याचा. बोलण्यात, निरोपात, सहकाऱ्याला लिहिलेल्या ईमेलमध्ये फ्रेझल व्हर्ब सहज वाटते आणि तिच्या जागी लॅटिन शब्द घातला तर वाक्य ताठर होते. 'द ट्रक इज हेल्ड अप अ‍ॅट मानकोली' हे ट्रक अडकल्याचे सांगायला उत्तम. विम्याच्या दाव्यात मात्र 'डिलेड' बरे. करारात 'कॅरी आउट' आणि 'सेट आउट' बिनदिक्कत चालतात, कारण त्या जोड्यांना औपचारिक लेखनातही मान आहे. 'मेस अप' किंवा 'चिकन आउट' यांना तिथे प्रवेश नाही. हा फरक इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेल्या कोशांत दिलेला असतो. रोझमेरी कोर्टनी यांनी संपादित केलेला लाँगमनचा कोश १९८३ साली आला, कोबिल्डचा १९८९ साली. त्यानंतर केंब्रिजसह इतरांचेही आले. अशा कोशात जोडी तुटते की नाही, कर्म घेते की नाही, अनौपचारिक आहे की नाही हे खुणांनी सांगितलेले असते आणि प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य असते. अर्थाच्या ओळीआधी ते वाक्य वाचावे, कारण त्या जोडीबरोबर कर्ता आणि कर्म कोणते येतात हे त्यातच दिसते.